‘अनफिट’ हा शब्द लिहिण्यापूर्वी

आजचा विषय वरवर पाहता वकिलांचा आहे. आजारपणामुळे नोकरी जाणे आणि त्यानंतरचा भरपाईचा दावा. पण या भांडणाची सुरुवात बहुतेक वेळा डॉक्टरच्या टेबलावर होते, म्हणून या सदरात त्यावर लिहिणे मला गैर वाटत नाही.

नागापूरला एमआयडीसीच्या शेजारी दवाखाना चालवणाऱ्याला हे रुग्ण नवे नाहीत. टीबीचे निदान झालेला टर्नर, फिट येणारा हेल्पर, अँजिओप्लास्टी झालेला फोरमन. गोष्ट साधारण एकसारखीच असते. सुपरवायझर म्हणतो, “तू आधी नीट बरा हो, मग बघू.” याला ते मायेचे बोलणे वाटते आणि तो घरी बसतो. दोन-तीन महिन्यांनी गेला तर वॉचमन गेटच्या आत सोडत नाही. रजिस्टरवर शेरा पडलेला असतो, ‘न कळवता गैरहजर’. किंवा ऑफिसात बोलावून आधीच टाइप केलेल्या राजीनाम्यावर सही घेतात आणि हिशेब हातात ठेवतात. घरात औषधालाच पैसे नसतात, मग माणूस सही करतो. पुढे दावा लावायचा म्हटले की तीच सही आडवी येते.

शेऱ्यात काय लिहिले यावर पैसा किती अवलंबून असतो ते पाहा. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात वर्षात २४० दिवस काम केलेल्या कामगाराला कमी करायचे तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि सेवेच्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागे. दहा वर्षांची नोकरी म्हणजे १५० दिवसांचा पगार. मात्र त्याच कायद्याने ‘सततच्या अनारोग्यामुळे’ केलेली सेवासमाप्ती या कपातीच्या व्याख्येतून वगळली होती. म्हणजे डॉक्टरने ‘अनफिट’ असा एक शब्द लिहिला की कामगाराचा १५० दिवसांचा हक्क धोक्यात येई. आमच्यापैकी किती डॉक्टरांना हे ठाऊक होते, देव जाणे.

दाखला वेळेवर न पोचल्याने काय होते, याचे जुने उदाहरण मद्रासच्या बकिंगहॅम अँड कर्नाटिक गिरणीचे आहे. तेथील एक कामगार जानेवारी १९५७ मध्ये रजेवर गेला तो वेळेवर परतलाच नाही. सुमारे दोन महिन्यांनी डॉक्टरचा दाखला घेऊन आला. हा माणूस इतके दिवस आजारी होता असे गिरणीच्या डॉक्टरला खात्रीने सांगता येईना. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९६३ साली निकाल गिरणीच्या बाजूने लागला. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती गजेंद्रगडकर कामगार कायद्यातले मोठे जाणकार, आणि आपल्या साताऱ्याचे. पुढे १९९३ साली डी. के. यादव खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितले, की आठ दिवसांहून जास्त गैरहजेरी झाली म्हणून कामगाराचे म्हणणे न ऐकता त्याचे नाव परस्पर कमी करता येणार नाही. त्या कामगाराला नोकरी आणि निम्मा मागील पगार मिळाला. तेव्हा ‘गैरहजर’ शेरा पडला की सगळे संपले, असे समजू नका. पण गजेंद्रगडकरांच्या निकालातला धडाही विसरू नका. कागद आजारपणातच पोचला पाहिजे, रजिस्टर पोस्टाने, आणि पावती जपून ठेवावी.

“डॉक्टरसाहेब, मागची तारीख टाकून द्या ना,” असे म्हणणारे पुष्कळ येतात. मी देत नाही. त्यांना राग येतो, पण मागच्या तारखेचा दाखला उलटतपासणीत दोन मिनिटे टिकत नाही आणि खरा आजारही खोटा ठरतो. दाखले विकणारे डॉक्टर आहेत हे नाकारण्यात अर्थ नाही. मालक मंडळी प्रत्येक दाखल्याकडे संशयाने पाहतात याचे मोठे कारण तेच आहे.

आता वैद्यकाकडे येतो. नेहमीच्या टीबीवर योग्य औषधे सुरू झाली की साधारण दोन-तीन आठवड्यांत संसर्गाचा धोका खूपच कमी होतो. उपचार सहा महिने चालतात, पण माणसाला सहा महिने घरी बसवण्याची गरज सहसा नसते. फिट येणाऱ्याने उंचीवर, भट्टीपाशी, उघड्या फिरत्या यंत्रावर काम करू नये, वाहन चालवू नये. पण स्टोअर, पॅकिंग, मोजमाप तपासणी ही कामे तो बहुधा उत्तम करतो. इन्शुलिन घेणाऱ्याला रात्रपाळीचा त्रास होईल, दिवसपाळीचा होईलच असे नाही. म्हणून दाखल्यावर नुसते ‘फिट’ किंवा ‘अनफिट’ लिहिणे मला अर्धवट वाटते. ‘सहा आठवडे जड वजन उचलू नये, रात्रपाळी नको, इतर कामास हरकत नाही’ असे लिहायला एक मिनिट जास्त लागतो. त्या वाक्यावर कामगाराला भांडता येते आणि मालकालाही काय करायचे ते कळते.

मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ साली हेच सांगितले आहे. एका सार्वजनिक उपक्रमातील हंगामी कामगाराला एचआयव्हीची लागण आढळली म्हणून काम नाकारले गेले. माणूस काम करण्यास सक्षम होता. न्यायालयाने त्याचे नाव गुप्त ठेवून खटला चालवला. तो काम करू शकतो का आणि इतरांना त्याच्यापासून खरोखर धोका आहे का हे न पाहता केवळ लागणीवरून काम नाकारणे घटनेच्या १४ व २१ व्या कलमांविरुद्ध आहे, असा निकाल दिला. पुढे २०१७ चा एचआयव्ही कायदा झाला, तो सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. अशा व्यक्तीला काढायचे तर स्वतंत्र, पात्र वैद्यकीय तज्ज्ञाचे लेखी मत हवे आणि त्याची प्रत त्या व्यक्तीला द्यावी लागते.

माझे म्हणणे एवढेच आहे, की हीच अट टीबी, फिट, मधुमेह, हृदयविकार, कर्करोग या सगळ्यांना असावी. स्वतंत्र डॉक्टरचे लेखी मत, आणि कामगाराच्या हातात त्याची प्रत. कंपनीच्या पगारावरील डॉक्टरने एका ओळीत निकाल लावावा, ही पद्धत बंद व्हावी. बारा माणसांच्या वर्कशॉपचा मालक म्हणेल, मशीन किती दिवस बंद ठेवू? त्याची अडचण खरी आहे. ईएसआयची योजना त्यासाठीच आहे. पात्र विमाधारकाला वर्षात ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के आजारपण भत्ता मिळतो, टीबीसारख्या दीर्घ आजारांत मुदत त्याहून मोठी असते. तो बोजा मालकावर पडत नाही. मात्र कंत्राटदाराने नाव नोंदवलेले असले पाहिजे, आणि गाडे तेथेच अडते. आजारी पडल्यावर नव्हे, नोकरीला लागल्या महिन्यातच आपला विमा क्रमांक मागून घ्यावा.

नोव्हेंबर २०२५ मध्ये चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यामुळे कलमांचे आकडे आणि काही तरतुदी बदलल्या आहेत. बडतर्फीविरुद्ध स्वतः दाद मागण्याची मुदत पूर्वी तीन वर्षे होती, ती आता दोन वर्षे आहे. बरे होण्याची वाट पाहत वर्ष निघून जाते, म्हणून केसपेपर, एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड आणि पगाराची चिठ्ठी एका पिशवीत घालून युनियनकडे किंवा वकिलाकडे उपचार चालू असतानाच जावे. स्वतःला जमत नसेल तर घरातल्या कोणाला तरी पाठवावे.