'हळूहळू चाला' हा काय डोस झाला?

गेल्या वर्षी माझ्या मोठ्या मावशीचं डिस्चार्ज कार्ड माझ्या हातात आलं. वय ७६, न्यूमोनिया, ११ दिवस मुक्काम. कागदावर सात औषधं. प्रत्येकापुढे नाव, किती मिलिग्रॅम, सकाळ-दुपार-रात्र, जेवणाआधी की नंतर, किती दिवस. आणि सगळ्यात खाली एक ओळ : 'विश्रांती. हळूहळू चालणे.' बस्स. किती चालणे? कधीपासून? दम लागला तर थांबायचं की रेटायचं? आणि 'विश्रांती' आणि 'चालणे' यांच्यात प्रायॉरिटी कुणाला? आपल्या धंद्यात क्लायंटने असं रिक्वायरमेंट डॉक्युमेंट पाठवलं ('सिस्टीम हळूहळू फास्ट करावी') तर आपण त्याला लगेच कॉलवर घेऊन सतरा प्रश्न विचारू. हॉस्पिटलात मात्र सगळे मान डोलावून कागद फाईलला लावतात.

न्यूमोनिया बरा झाला होता, त्याबद्दल तक्रार नाही. फुप्फुसं साफ, ताप नाही, भूक लागायला लागली. पण घरी आल्यावर बाईंना कमोडवरून उठता येईना. अ‍ॅडमिट व्हायला स्वतःच्या पायांनी लिफ्टपर्यंत गेलेली मावशी परत आली ती दोन माणसांच्या आधाराने. शेजारच्या काकू येऊन सांगून गेल्या, "अहो आजारपण झालंय, आता महिनाभर उठूच देऊ नका त्यांना." तिचा मुलगा सिअ‍ॅटलला. तो व्हिडिओ कॉलवर रोज तेच : "आई, तू फक्त आराम कर." प्रेमानेच म्हणत होता बिचारा.

तर या वीकेंडचा विषय हा. म्हाताऱ्या, अशक्त माणसांसाठी व्यायाम म्हणजे औषध, असं हल्ली सगळेच म्हणतात. व्हॉट्सअ‍ॅपवर तर रोज सकाळी सूर्योदयाच्या चित्रासकट म्हणतात. माझं म्हणणं एवढंच की मग ते औषधासारखं लिहून द्या. नाव, डोस, किती दिवसांनी वाढवायचा, आणि पैसे कोण देणार, तेही.

आधी 'आराम' या औषधाचे साइड इफेक्ट्स बघू, कारण ते पाकिटावर छापलेले नसतात. २००७ साली एक अमेरिकन अभ्यास प्रसिद्ध झाला. साठीपुढच्या धडधाकट माणसांना दहा दिवस नुसतं अंथरुणावर ठेवलं. आजार नाही, ताप नाही, जेवणखाण व्यवस्थित. दहा दिवसांनी त्यांच्या पायांमधून जवळपास एक किलो मांस गेलेलं होतं. धडधाकट माणसांचं हे. न्यूमोनिया झालेल्या, जेमतेम दोन घास खाणाऱ्या ७६ वर्षांच्या बाईंचं काय होत असेल, त्याचा हिशोब तुम्हीच करा.

याहून भारी गोष्ट डॅलसची. १९६६ साली तिथे विशीतल्या पाच तरुणांना तीन आठवडे बेडवर झोपवून ठेवलं आणि त्यांची श्रम करण्याची क्षमता आधी-नंतर मोजली. मग ३० वर्षांनी, १९९६ साली, त्याच पाच जणांना शोधून पुन्हा मोजलं. आता ते पन्नाशीत, पोटं सुटलेली, म्हणजे आपल्यासारखीच माणसं. तर निष्कर्ष असा की तीस वर्षांच्या वयाने त्यांचं जेवढं नुकसान केलं होतं, त्यापेक्षा जास्त नुकसान विशीतल्या त्या तीन आठवड्यांच्या झोपण्याने केलं होतं. आणि नंतर सहा महिने पद्धतशीर ट्रेनिंग दिल्यावर पाचांची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता पुन्हा विशीतल्या मूळ पातळीला आली. फक्त पाच जणांचा अभ्यास आहे, मान्य. त्यावरून जगाचे नियम काढू नयेत. पण "आता वयच झालं" हे वाक्य घरात कुणी उच्चारलं की मला हे पाच जण आठवतात.

"ते ठीक आहे, पण पन्नाशी वेगळी आणि नव्वदी वेगळी," असं तुम्ही म्हणाल. म्हणा. बॉस्टनमध्ये १९९० साली मारिया फियाटारोन आणि सहकाऱ्यांनी नेमकं नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना घेतलं. हे सगळे वृद्धांच्या संस्थेत राहणारे, खरोखर अशक्त. त्यांना पायांसाठी वजनं उचलायला लावली. आणि वजनं म्हणजे नावापुरती नाहीत. प्रत्येकाला एका वेळी जास्तीत जास्त जेवढं उचलता येतं, त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत. आठ आठवडे. एकाने मध्येच सोडलं, उरलेल्या नऊ जणांची पायांची ताकद सरासरी पावणेतीन पट झाली. दोघांची काठी सुटली. आठ आठवड्यांत! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दशांश चिन्ह चुकलंय का ते पुन्हा तपासलं होतं.

त्याच गटाने १९९४ साली हे शंभर जणांवर करून पाहिलं, सरासरी वय ८७. यातला आपल्या घरांशी संबंधित भाग असा, की काहींना नुसतं पौष्टिक पेय दिलं, काहींना नुसता व्यायाम, काहींना दोन्ही, काहींना काहीच नाही. दहा आठवड्यांत व्यायामवाल्यांची ताकद दुपटीहून अधिक झाली. नुसतं पेय घेणाऱ्यांच्या अशक्तपणात काही फरक नाही. आता सांगा, माणूस हॉस्पिटलातून घरी आला की आपण पहिल्यांदा काय आणतो? पावडरचा डबा! मावशीकडे तीन आले होते, एक व्हॅनिला आणि दोन चॉकलेट. भेटायला येणारा प्रत्येकजण डबा घेऊन. खुर्चीतून उठायला शिकवणारं कुणी घेऊन आलं नाही.

आता चालण्याकडे येतो, आणि इथे काही लोक माझ्यावर चिडणार आहेत. पुण्यात सकाळी कुठल्याही टेकडीवर किंवा बागेत जा, निवृत्त मंडळींचा 'वॉक' चाललेला असतो. एक फेरी, मग बाक, मग राजकारण, मग चहा. उत्तम आहे. हृदयाला, साखरेला, मनाला चांगलं, आणि एकटेपणावर तर याहून स्वस्त इलाज नाही. पण पडण्यापासून वाचायचं असेल तर? २०१९ साली कॉक्रेनने यावरचे १०८ प्रयोग एकत्र केले, २३ हजारांहून जास्त माणसं. व्यायामाने पडण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी कमी होतं, हे पक्कं. मात्र कुठल्या व्यायामाने? तोल सांभाळायचे आणि रोजच्या हालचालींचे व्यायाम (उठणं, बसणं, वळणं, पायरी चढणं), आणि त्यांना जोड म्हणून ताकदीचे. नुसत्या चालण्याच्या कार्यक्रमांनी पडणं कमी होतं, असं म्हणायला त्यांना पुरेसा आधार सापडला नाही. नुसत्या वजनांबाबतही तेच.

म्हणजे 'हळूहळू चालणे' हे औषध खोटं नाही, पण ते दुसऱ्या आजाराचं आहे. आणि पडणं हा साधा आजार नव्हे. खुब्याचं हाड मोडलं की पुढे काय काय होतं, ते बहुतेकांनी आपापल्या घरात एकदा तरी पाहिलेलं असतं, त्यामुळे त्यावर जास्त टंकत नाही.

न्यूझीलंडवाल्यांनी हे नव्वदच्या दशकातच औषधासारखं बांधलं. ओटॅगो विद्यापीठातला कार्यक्रम आहे, त्याच नावाने ओळखला जातो. शिकलेला माणूस घरी येतो, घोट्याला बांधायची वजनं देतो, तोलाचे व्यायाम शिकवतो, पुन्हा येऊन वजन वाढवतो, मधल्या काळात फोन करतो. त्यांच्या प्रयोगांत मिळून हजारभर माणसं होती, वय ६५ ते ९७. पडण्याचं प्रमाण ३५ टक्क्यांनी घटलं आणि जास्त फायदा कुणाला, तर ऐंशीच्या पुढच्या, आधी पडलेल्यांना. ज्यांना आपण 'आता त्यांना कशाला त्रास' म्हणून सोडून देतो, बरोबर त्यांनाच.

बरं, मोजून व्यायाम ही काही परदेशी कल्पना नाही. तालमीतला वस्ताद नव्या पोराला "थोड्याशा बैठका काढ" असं कधी म्हणतो का? तो आकडा सांगतो, आणि पुढच्या महिन्यात वाढवतो. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी (औंध म्हणजे आपलं आयटीवाल्यांचं नव्हे, साताऱ्याकडचं संस्थान) सूर्यनमस्कारांचे एवढे मोठे पुरस्कर्ते, त्यांचाही भर रोज ठराविक संख्येवर. ही मोजायची सवय आपण तरुणांपुरती ठेवली आणि ज्यांना तिची सगळ्यात जास्त गरज, त्यांना 'झेपेल तेवढं' सांगून मोकळे झालो.

मावशीकडे शेवटी एक फिजिओथेरपिस्ट मुलगी यायला लागली. स्कूटरवरून, पाठीला सॅक, सॅकमध्ये वजनं. पहिल्याच दिवशी तिने वहीचं पान फाडून लिहिलं : खुर्चीतून उठबस, ५ वेळा, दिवसातून ३ दा, हाताचा आधार चालेल. ओट्याला धरून टाचा उचलणे, १०. ओट्याला धरून एका पायावर, ५ सेकंद, दोन्ही पाय. खाली तारीख आणि 'पुढची वाढ : सोमवार'. सोमवारी खुर्चीवरची उशी काढली, म्हणजे बैठक खाली गेली. त्याच्या पुढच्या सोमवारी हात छातीशी. मग घोट्याला अर्धा किलो. मला तर हे पान बघून भरूनच आलं. व्हर्जन नंबर, रिलीज डेट, सगळं होतं त्यात :)

मावशीला अजिबात आवडलं नाही. "अरे, मी काय आता कुस्तीला उतरणारे का?" काका त्या मुलीला 'वस्ताद' म्हणायचे, आणि ती आली की टीव्ही बंद करून खुर्ची भिंतीला लावून ठेवायचे. तिसऱ्या आठवड्यात पाय दुखले, शेजारच्या काकूंनी "मी म्हटलं नव्हतं?" करून घेतलं. मुलीने एक दिवस सुट्टी दिली, आकडा थोडा खाली आणला आणि पुन्हा सुरू. "आजी, दुखलं म्हणून सोडायचं नाही, दुखलं म्हणून मला सांगायचं." अडीच महिन्यांनी मावशी हात न लावता उठायला लागली आणि एक जिना चढते. बाहेर जाताना काठी लागते अजून, आणि जमिनीवर बसणं काही परत आलेलं नाही. पण संडासला जाताना कुणाला हाक मारावी लागत नाही. त्या वयात याला किती किंमत असते, ते तिलाच विचारा.

"दिवसभर घरात राबते, तोच व्यायाम" हे वाक्यही ऐकू येतंच, विशेषतः बायकांबद्दल. राबणं म्हणजे रोज तेच काम, त्याच ओझ्याने, शरीर थकेपर्यंत. स्नायूला वाढायला लागतं ते थोडं जास्त ओझं आणि मग उसंत. आयुष्यभर स्वयंपाकघरात उभ्या राहिलेल्या बाईचे गुडघे का गेले आणि मांड्या का भरल्या नाहीत, याचं उत्तर यात बऱ्यापैकी आहे.

आता पैसे. मावशीच्या विमा कंपनीने हॉस्पिटलचं बिल भरलं, सात औषधांचंही भरलं. घरी येणाऱ्या फिजिओचे पैसे मात्र 'पॉलिसीत बसत नाही' म्हणून परत. सिअ‍ॅटलहून पैसे आले म्हणून जमलं. ज्यांच्या घरी सिअ‍ॅटल नाही त्यांचं काय? आपल्याकडे धुणीभांडी करणाऱ्या मावशींच्या सासूबाई घरी पडून असतात, त्यांच्याकडे कुठली स्कूटर जाणार? खरं तर या औषधाला लागतं काय? एक खुर्ची, एक भिंत, आणि आठवड्यातून एकदा आकडा वाढवणारा माणूस. इतक्या स्वस्त औषधाला कंपनी नाही, एमआर नाही, म्हणून त्याचा आग्रह धरणारंही कुणी नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात ६५ वर्षांपुढच्यांनी आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम करावेत असं लिहिलेलं आहे. ते डिस्चार्ज कार्डाच्या तळाशी छापायला किती शाई लागेल?

तोवर उद्याच्या रविवारी करायची एक गोष्ट. आईबाबांना बिनहाताच्या, न हलणाऱ्या खुर्चीत बसवा. खुर्ची भिंतीला टेकलेली, तुम्ही शेजारी उभे. हात छातीवर आडवे. ३० सेकंदांत पूर्ण उभं राहून किती वेळा बसता येतं ते मोजा. अमेरिकेच्या सीडीसीच्या तक्त्यात ६५ ते ६९ वयाच्या पुरुषांसाठी १२ आणि बायकांसाठी ११ यापेक्षा कमी म्हणजे पडण्याचा धोका जास्त, ८० ते ८४ ला हेच आकडे १० आणि ९. हात टेकवावे लागले तर शून्य धरायचं. छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल, नुकतं ऑपरेशन झालं असेल तर ही परीक्षा घेऊ नका, आधी डॉक्टरांकडे जा. बाकीच्यांनी आकडा आणि तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा, दुधाच्या हिशोबाशेजारी. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे गेलात की तो दाखवा आणि विचारा, "डॉक्टर, याचा डोस किती?"