डेव्हलपर आणि नळाचे पाणी



आपल्या मोठ्या गटातल्या तीन-चार मुलांनी आजोबांच्या कपाटातले जुने कॅमेरे बाहेर काढले आहेत आणि कृष्णधवल फिल्म घरीच, बाथरूममध्ये डेव्हलप करायला सुरुवात केली आहे. झकास! वर्ग सुटेपर्यंत आम्ही पालक बाहेर चहा पीत उभे असतो, तिथे मात्र वाद पेटला आहे: डेव्हलपर कालवायला पाणी कोणते घ्यावे? एक पक्ष म्हणतो, सगळे डिस्टिल्डच हवे. दुसरा म्हणतो, लंडनचे नळाचे पाणी आपण पितो, मग फिल्मला का चालू नये? माझ्या मते पाणी किती शुद्ध आहे यापेक्षा ते डेव्हलपरबरोबर किती दिवस राहणार आहे, हे आधी विचारावे.

हे मत मला फुकट मिळालेले नाही. मागे साताऱ्याला गेलो असताना मुलीने तिच्या आजीचे एक अख्खा रोल फोटो काढले: पाट्यावर चटणी वाटताना, ओट्यापाशी, मागल्या दारी. परत आल्यावर मी मोठ्या ऐटीत तो रोल डेव्हलप केला. टाकीतून बाहेर काढतो तर फिल्म कोरी, काचेसारखी. कडेचे आकडेसुद्धा नाहीत. ते आकडे कारखान्यातच फिल्मवर घातलेले असतात. तेही उमटले नाहीत, म्हणजे मुलीची काही चूक नव्हती, माझा डेव्हलपर मेलेला होता. ते स्वयंपाकघर आता पाडले आहे, त्यामुळे पुन्हा काढू म्हणायचीही सोय नाही.

तो डेव्हलपर क जीवनसत्त्वाच्या भावंडावर चालणारा होता. नळाच्या पाण्यात कालवून मी तो चार महिने अर्ध्या भरलेल्या बाटलीत ठेवला होता. (एकदम दोन चुका केल्या की बग नक्की कशामुळे आला ते सांगता येत नाही, हे आमच्या धंद्यातले जुने दुखणे.) या जातीच्या रसायनाला तांबे आणि लोखंड यांचा अंशही सोसत नाही. धातू स्वतः खर्च होत नाही, पण हवेतल्या ऑक्सिजनला मदत करत राहतो. आपल्याकडे तांब्यातले पाणी गुणकारी मानतात, पण आंबट पदार्थ ठेवायचा तर भांड्याला आधी कल्हई लागते. इथल्या घरांतले पाइप बहुतेक तांब्याचे, आणि त्यांना कल्हई कुठली? शिवाय हा डेव्हलपर मरताना रंगही बदलत नाही. १९२७ सालापासूनचा डी-७६ निदान तपकिरी होऊन सूचना तरी देतो. त्यात लिटरमागे १०० ग्रॅम सोडियम सल्फाइट असल्यामुळे तो तग धरतो, आणि नळातल्या क्लोरीनचाही निकाल तिथेच लागतो.

पाणी उकळून घ्या असे काही जण सुचवतात. उकळल्याने विरघळलेली हवा जाते, लंडनच्या पाण्यातला बराचसा चुना किटलीच्या तळाशी बसतो. तांबे मात्र जिथल्या तिथे राहते.

म्हणून जो साठा महिनोन् महिने टिकवायचा, तो डिस्टिल्ड किंवा डी-आयोनाइज्ड पाण्यातच कालवावा. मोटारीच्या सामानाच्या दुकानात त्याचे कॅन मिळतात. भारतात आपण बॅटरीत घालतो तसलेच ते पाणी. साठा लहान बाटल्यांत काठोकाठ भरावा. डेव्हलप करायच्या वेळी त्यात जे पाणी मिसळतो त्याला जेमतेम पंधरा मिनिटांचे आयुष्य, ते नळाचे चालते. फक्त थंडच नळाचे घ्यावे आणि पाइपात रात्रभर साचलेले आधी वाहू द्यावे. फिक्सर आणि धुणे यांसाठी डिस्टिल्ड वापरणे म्हणजे निव्वळ उधळपट्टी. शेवटच्या खळबळण्याला मात्र अर्धा लिटर डिस्टिल्ड आणि वेटिंग एजंटचे थेंब हवेतच, नाहीतर चुन्याचे ठिपके फिल्मवर वाळतात आणि आभाळात नको ते तारे दिसतात!

पाण्याविषयी एवढे भांडूनही एक काम उरतेच. दर खेपेला फिल्मच्या सुरुवातीचा, उजेड लागलेला लहानसा तुकडा कापून डेव्हलपरमध्ये टाकावा. काही मिनिटांत तो काळाकुट्ट झाला तरच रोल टाकीत घालावा. खर्च शून्य. मी तेव्हा हे केले नव्हते. आता आमच्या घरी तो काळा तुकडा दाखवल्याशिवाय मुलगी माझ्या हातात रोल देत नाही.

— मोठ्या गटातील एक पालक