मैदानावरचा रोजंदार

जयनगर, बंगळूर : सकाळी सहाच्या सुमारास जयनगरच्या पाचव्या ब्लॉकातील शालिनी मैदानापाशी गेले, की पाठीवर किटबॅग घेतलेली पोरे दिसतात. प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे द्रविड आणि कुंबळे असतात. आईबाप पोटाला चिमटा काढून बॅट घेऊन देतात. यांपैकी एखादा भारताकडून खेळेलही. पण ज्यांना खेळावर पोट भरता येईल, त्यांतल्या बहुतेकांच्या वाट्याला वेगळी कारकीर्द येणार आहे. तिच्याविषयी चार शब्द लिहिणे आवश्यक वाटते.

गणेश सतीश या फलंदाजाचे उदाहरण घ्या. २०१४ मध्ये हैदराबादला रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात त्याने महाराष्ट्राविरुद्ध ११७ धावा केल्या आणि कर्नाटक विजेता ठरले. त्याच वर्षी तो कर्नाटक सोडून विदर्भाकडे गेला. २०१७-१८ च्या उपांत्य फेरीत कोलकात्याला विदर्भाची गाठ नेमकी कर्नाटकाशी पडली. दुसऱ्या डावात सतीशने ८१ धावा केल्या आणि त्याच्या घरच्या संघाला अवघ्या ५ धावांनी हार पत्करावी लागली. विदर्भाने पुढे पहिलाच रणजी करंडक जिंकला, पुढच्या वर्षी दुसरा. २०२३ मध्ये हाच खेळाडू त्रिपुराकडून उतरला. तीन राज्ये, शेकडो दिवस मैदानावर, आणि भारताची टोपी एकदाही नाही.

अशा खेळाडूला इंग्रजीत ‘जर्नीमन’ म्हणतात. अमेरिकेत बेसबॉलमध्ये आज या क्लबात, उद्या त्या क्लबात खेळणाऱ्यांसाठी हा शब्द सर्रास वापरतात. ऐकणाऱ्याला वाटते, गावोगाव फिरतो म्हणून हे नाव. प्रत्यक्षात त्याचे मूळ दिवसाचे काम या अर्थाच्या फ्रेंच शब्दात आहे. रोजाने काम करणारा कुशल कारागीर तो जर्नीमन. आपल्या भाषेत रोजंदार!

आपल्या रणजीपटूला हे नाव तंतोतंत लागू पडते. राष्ट्रीय संघातील निवडक खेळाडूंशी क्रिकेट मंडळ वार्षिक करार करते. रणजीपटूचा हिशेब मात्र दिवसावर. सप्टेंबर २०२१ मध्ये जाहीर झालेले दर असे : ४० हून अधिक सामने खेळलेल्यास दिवसाला ६० हजार, २१ ते ४० सामने खेळलेल्यास ५० हजार, त्याहून कमी असल्यास ४० हजार रुपये. संघात आहे पण अकरा जणांत नाही, त्याला निम्मे. संघातूनच वगळला, तर काही नाही.

येथे कारखान्यातला बांधव विचारील, “दिवसाला ४० हजार मिळवणाऱ्याचे दुःख आम्ही कशाला ऐकावे?” प्रश्न रास्त आहे. पण दर पाहताना दिवसही मोजा. साखळीत चार दिवसांचे सात सामने, म्हणजे २८ दिवस. एकदिवसीय आणि टी-२० स्पर्धांचे वेगळे. बोट मोडले, निवड समितीची मर्जी फिरली, की तेही दिवस गेले. पस्तिशीच्या आसपास सारेच संपते. २०२०-२१ मध्ये कोरोनामुळे रणजी स्पर्धाच झाली नाही, आणि दिवस नाहीत म्हणून दामही नाहीत. मानधनाच्या निम्मी भरपाई जाहीर व्हायला सप्टेंबर २०२१ उजाडला. काम बंद तर चूल बंद, हा अनुभव आपल्याला नवा आहे काय?

पूर्वी या खेळाडूच्या पाठीशी नोकरी होती. मुंबईत निर्लॉन, मफतलाल, टाटा यांचे संघ होते. आमच्या बंगळुरात सार्वजनिक उद्योग खेळाडूंना नोकरीत घेत. १९७७ चा पहिला फेडरेशन कप आयटीआयच्या फुटबॉल संघाने जिंकला, तो टेलिफोन बनवणाऱ्या कारखान्याचा संघ होता. खेळ संपला तरी हजेरीपटावर नाव राही, फंड आणि ग्रॅच्युइटी राही. कायम नोकऱ्या आटल्या, तसा हा आधारही आटला.

दुसऱ्या राज्याकडून खेळायचे तर जुन्या संघटनेचा ना हरकत दाखला लागतो. अमेरिकेतील बेसबॉलमध्ये बंधन याहून कडक होते. खेळाडू कायमचा क्लबाला बांधलेला असे. १९६६ मध्ये पोलाद कामगारांच्या युनियनमधील मार्विन मिलर खेळाडूंच्या संघटनेचे प्रमुख झाले. १९६८ च्या पहिल्या सामूहिक कराराने किमान वार्षिक पगार ६ हजार डॉलरवरून १० हजारांवर नेला. कर्ट फ्लड या खेळाडूने सक्तीच्या बदलीविरुद्ध दावा लावला. १९७२ मध्ये तो सर्वोच्च न्यायालयात हरला, पण १९७५ मध्ये लवादाच्या निवाड्याने ते बंधन तुटले. खालच्या दर्जाच्या लीगमधील खेळाडू मात्र २०२२ पर्यंत संघटनेबाहेरच होते. ते आत आले आणि २०२३ च्या पहिल्याच करारात त्यांच्यातील सर्वांत वरच्या श्रेणीचा किमान वार्षिक पगार १७,५०० वरून ३५,८०० डॉलर झाला. मालकांना एकाएकी पाझर फुटला म्हणून नव्हे, खेळाडू एकत्र बसले म्हणून.

आपल्याकडे २०१९ मध्ये क्रिकेटपटूंची संघटना झाली खरी, पण ती निवृत्तांची. जो आज उन्हात उभा आहे, त्याच्या बाजूने वाटाघाटीला बसणारे कोणी नाही. म्हणून मागण्या साध्या आहेत : प्रत्येक रणजीपटूला वर्षाचा लेखी करार आणि किमान रकमेची हमी, दुखापतीच्या काळात पूर्ण मानधन, ना हरकत दाखल्याला ठरलेली मुदत, आणि खेळत्या खेळाडूंची स्वतःची मान्यताप्राप्त संघटना.

शालिनी मैदानावरची पोरे अजून लहान आहेत. त्यांना बॅट कशी धरायची ते शिकवणारे पुष्कळ भेटतील. करारावर सही करण्यापूर्वी तो वाचायचा असतो, आणि एकट्याने वाचायचा नसतो, हे त्यांना आपल्यावाचून कोण सांगणार?