मृतांची मोजदाद हे विषाचे माप नव्हे

परक्या समुद्रात शिरलेल्या शैवालाविषयी कुणी काळजी व्यक्त केली की तीन उत्तरे ठरलेली असतात. शैवाल निसर्गातलेच, त्याने कुणाचे काय बिघडणार? त्यात विष असेल तर प्राणी ते खाणार नाहीत, मग बाधा कुणाला? आणि आक्रमण झालेच, तर समुद्र आपला तोल आपणच सावरील. भूमध्य समुद्रातल्या कॉलर्पा टॅक्सिफोलिया या शैवालाने तिन्ही उत्तरांची परीक्षा घेतली आहे, आणि तिन्ही तिथे नापास झाली आहेत.

१९८४ साली मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाखालच्या पाण्यात, जेमतेम एक चौरस मीटर जागेत, पिसांसारख्या पात्यांचे हे हिरवेगार शैवाल दिसले. मत्स्यालयांच्या काचपेट्या सजवण्यासाठी ते जोपासले जात होते. नीस विद्यापीठाचे आलेक्सांद्र मेनेझ यांनी धोक्याचा इशारा दिला, संग्रहालयाने जबाबदारी नाकारली आणि वाद वर्षानुवर्षे चालला. समुद्रातला वाण मत्स्यालयांतलाच, हे १९९८ मध्ये जनुकीय तपासणीने दाखवले. २००० सालाच्या अखेरीस त्याचा प्रादुर्भाव सहा देशांत, सुमारे १३१ चौरस किलोमीटर क्षेत्रात नोंदला गेला.

आता पहिले उत्तर. 'निसर्गातले' म्हणजे 'निरुपद्रवी' नव्हे. या शैवालात कॉलर्पेनाइन नावाचे रसायन असते आणि पात्याला जखम होताच त्याचे अधिक तीव्र रसायनात रूपांतर होते. उष्ण कटिबंधातल्या मायदेशी हे संरक्षण त्याला भुकेल्या प्राण्यांच्या गर्दीत तगवून धरते. भूमध्यातल्या प्राण्यांची मात्र त्याच्याशी अशी जुनी ओळख नव्हती. तिथल्या सी-अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्याच्या फलित अंड्यांवर प्रयोगशाळेत हे रसायन वापरले, तेव्हा अंड्याचे पहिले विभाजनच अडले. वृत्तपत्रांनी 'मारेकरी शैवाल' असे नाव दिले, ते अतिशयोक्तच होते. या पाण्यात पोहणाऱ्या माणसाला त्यापासून भय नव्हते. पण माणूस सुरक्षित आहे म्हणून अंडे सुरक्षित ठरत नाही. मोठ्या प्राण्यांची प्रेते किनाऱ्यावर दिसत नाहीत, एवढ्यावरून निर्धास्त होणारे लोक पुढची पिढी हिशेबातच धरत नाहीत.

दुसरे उत्तर अधिक फसवे आहे. उन्हाळ्यात आणि शरदात, रसायनाचे प्रमाण वाढलेले असताना, सी-अर्चिन हे शैवाल टाळतो, ही गोष्ट खरी. पण ज्या खडकावर दुसरे काही उरूच दिलेले नाही, तिथे टाळणे म्हणजे उपासमार. शिवाय विष केवळ घासातून येते असेही नाही. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्समधल्या खाड्यांत हेच शैवाल पसरले, तेव्हा त्याच्या दाट गालिच्याखाली चिखलातला प्राणवायू घटला आणि सल्फाइड साचले. आपल्याकडच्या तिसऱ्यांप्रमाणे गाळात रुतून राहणारा अनाडारा हा शिंपला तिथे गाळातून वर येऊ लागला आणि त्याच्या प्रजननावर दुष्परिणाम आढळले. गंमत नव्हे, चिंतेची गोष्ट अशी की, त्याची पिल्ले या शैवालात मोठ्या संख्येने वस्तीला येतात. 'पाहा, जीव नांदताहेत' म्हणणाऱ्यांना हा पुरावा वाटतो. परंतु वस्तीला येणे आणि वंश चालवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तिसरे उत्तर देणाऱ्यांच्या हाती एक खरा मुद्दा आहे. भूमध्यातला टॅक्सिफोलिया पुढे अनेक ठिकाणी ओसरला. तो मुद्दा मान्य करू. मात्र त्याच सुमारास त्याच्याच गोत्रातला, कॉलर्पेनाइन बाळगणारा कॉलर्पा सिलिंड्रासिया पसरतच राहिला. कॉलर्पा खाणाऱ्या लोबिगर या लहानशा समुद्री गोगलगायीवर भिस्त ठेवावी, तर ती खाता खाता शैवालाचे तुकडे पाडते आणि त्या तुकड्यांतून नवी रोपे उगवतात. समुद्र सावरतो तो आपल्या सोयीच्या मुदतीत नव्हे, आणि गमावलेले सारे परत देऊनही नव्हे.

मग करावे काय? कॅलिफोर्नियाने उत्तर दिले आहे. २००० च्या जूनमध्ये हे शैवाल तिथल्या एका खाजणात आढळताच वाद घालत न बसता ताडपत्र्यांनी ते झाकून क्लोरीन सोडले गेले. सत्तर लाख डॉलरहून अधिक खर्च आला आणि २००६ मध्ये निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. मोनॅकोतला पहिला चौरस मीटर याच्या तुलनेत कवडीमोलात साफ झाला असता.

आपल्याला हा धडा दूरचा नाही. तमिळनाडूत लागवडीसाठी आणलेले कॅप्पाफायकस हे विदेशी शैवाल मन्नारच्या आखातात कुरुसडै बेटाजवळच्या प्रवाळांवर पसरल्याची नोंद २००८ मध्ये झाली. तिथे घातक ठरले ते दाट पांघरूण. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतून शैवालशेतीला बळ मिळत आहे, ते मिळावेच. किनाऱ्यावरच्या बायाबापड्यांना उत्पन्न हवे आहे. पण स्थानिक जातींना अग्रक्रम द्यावा. परक्या वाणाला परवानगी देण्याआधी त्याचा परिणाम स्थानिक शिंपल्यांच्या, प्रवाळांच्या आणि सी-अर्चिनच्या अंडी-अळ्यांवर तपासलाच पाहिजे. निरुपद्रवी असल्याचे सिद्ध करण्याचा भार आणणाऱ्यावर असावा; बाधा सिद्ध करण्याचा भार समुद्रावर टाकू नये. आणि पहिला तुकडा दिसताच तो उपटण्याचा अधिकार, पैसा व जबाबदारी कुणाची, हे लागवडीच्या परवान्यातच लिहिलेले असावे.