धावपट्टी जनतेची, नफा कोणाचा?

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांना विमानतळ हवा, ही मागणी व्यासपीठांवरून इतक्या वेळा उच्चारली गेली आहे की, तिच्याविषयी शंका काढणारा तो विकासाचा शत्रू, असा समज रूढ होऊ पाहत आहे. चंद्रपूरजवळील मोरवा येथे धावपट्टी आहे. परंतु महाऔष्णिक केंद्राची धुराडी आणि कोळशाच्या खाणी यांच्या शेजारामुळे ती वाढविता येत नाही, असे कारण देऊन राजुरा तालुक्यातील मूर्ती-विहीरगाव परिसरात नव्या विमानतळाची योजना पुढे आणण्यात आली. ती जागा वाघांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर असल्याने वनजमिनीचा प्रश्न उभा राहिला. दरम्यान गडचिरोलीसाठी स्वतंत्र विमानतळाची घोषणाही झाली. जागा कोणती, धावपट्टी किती लांब, कोनशिला कोण बसविणार, यांवर चर्चा भरपूर झडते. परंतु धावपट्टी बांधून झाल्यावर तिच्यावरून विमान कोण उडविणार, त्यात कोण बसणार आणि तोटा कोण सोसणार, हे तीन प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. आमच्या मते खरे प्रश्न तेवढेच आहेत.

विमान कंपनीचे अर्थशास्त्र समजून घेतल्याखेरीज या प्रश्नांची उत्तरे मिळणार नाहीत. मोहाची फुले वाळवून ठेवता येतात, तेंदूपत्त्याचे पुडे भाव येईपर्यंत गोदामात राहू शकतात. विमानातील रिकामे आसन साठविता येत नाही. विमानाने जमीन सोडली की त्या आसनाचे मोल शून्य होते. खर्च मात्र प्रवासी दहा असोत की सत्तर, जवळपास तेवढाच राहतो. विमानाचे भाडेपट्ट्याचे हप्ते बहुधा डॉलरमध्ये द्यावे लागतात. इंधनाचा भाव आंतरराष्ट्रीय बाजारात ठरतो. वैमानिक, तंत्रज्ञ, देखभाल आणि विमानतळाचे आकार यांत फारशी काटछाट करता येत नाही.

समजा, सत्तर आसनांच्या छोट्या विमानाच्या एका फेरीचा खर्च तीन लाख रुपये धरला. हा आकडा केवळ हिशेबापुरता. निम्मी, म्हणजे पस्तीस आसने सरकारने ठरविलेल्या २,५०० रुपयांच्या दराने विकली, तर ८७,५०० रुपये हाती येतात. उरलेले २,१२,५०० रुपये दुसऱ्या पस्तीस प्रवाशांकडून वसूल करायचे, तर प्रत्येकी ६,०७० रुपयांच्या आसपास भाडे पडते. तेही विमान पूर्ण भरले तरच. या पस्तिसांपैकी वीसच आले, तर फेरीमागे नव्वद हजारांहून अधिक खोट येते. नागपूरचा विमानतळ चंद्रपूरपासून दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. सरकार एकीकडे या जिल्ह्यांना नागपूरशी जोडणारे द्रुतगती महामार्ग आखीत आहे आणि दुसरीकडे त्याच प्रवाशाच्या भरवशावर विमानतळाचे स्वप्न दाखवीत आहे. एकाच पिकावर दोनदा कर्ज काढण्याचाच हा प्रकार होय.

ही खोट भरून काढण्यासाठी केंद्र सरकारने २०१६ साली ‘उडान’ योजना जाहीर केली. एप्रिल २०१७ मध्ये शिमला-दिल्ली मार्गावर तिचे पहिले विमान उडाले. योजनेचे सूत्र असे की, लहान शहरांच्या मार्गावर खाजगी कंपनीला तीन वर्षे अनुदान द्यायचे, त्या काळात त्या मार्गावर तिला प्रतिस्पर्धी येऊ द्यायचा नाही, आणि विमानतळ सार्वजनिक पैशातून उभा करायचा. अनुदानाचा मोठा हिस्सा अन्य मार्गांवरील उड्डाणांवर आकार बसवून उभा राहतो. महाराष्ट्रासारख्या राज्याने एक-पंचमांश वाटा उचलायचा असतो. तीन वर्षांत प्रवाशांना सवय लागेल आणि मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहील, अशी कल्पना होती.

प्रत्यक्षात काय झाले ते भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०२३ च्या अहवालात नोंदवून ठेवले आहे. तिसऱ्या टप्प्यापर्यंत मंजूर झालेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्ग सुरूच होऊ शकले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ मार्गांपैकी सवलतीची तीन वर्षे ११२ मार्गांनीच पूर्ण केली. आणि सवलत संपल्यानंतर मार्च २०२३ पर्यंत तग धरून राहिलेले मार्ग होते अवघे ५४. म्हणजे मंजूर झालेल्या शंभर मार्गांमागे सात! शेजारच्या गोंदिया जिल्ह्याचा अनुभव याच पठडीतला आहे. बिरसी विमानतळावरून मार्च २०२२ मध्ये वाजतगाजत सुरू झालेली सेवा काही महिन्यांतच बंद पडली आणि दुसऱ्या कंपनीचे विमान येण्यास डिसेंबर २०२३ उजाडावे लागले. कंपनीला मार्ग परवडला नाही की ती विमान उचलून दुसरीकडे नेते. धावपट्टी उचलून नेता येत नाही. ती, तिचे कुंपण, तिचा पहारा आणि तिच्यासाठी गेलेली जमीन जनतेच्या माथी राहते.

येथे कोणी म्हणेल की, सार्वजनिक क्षेत्राने तरी कोणते दिवे लावले? प्रश्न रास्त आहे आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. १९५३ च्या हवाई महामंडळ कायद्याने खाजगी विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हा त्यामागे एक साधा विचार होता. मुंबई-दिल्लीसारख्या भरगच्च मार्गावर मिळणारा नफा आणि दूरच्या लहान स्थानकावर येणारा तोटा एकाच वहीत मांडला, तर संपूर्ण देशाला सेवा देता येते. आपली एस. टी. १९४८ पासून याच तत्त्वावर चालत आली आहे. पुणे-मुंबईच्या गाडीने कमावायचे आणि कोरची-धानोऱ्याच्या गाडीला जगवायचे. १९९० नंतर आकाश खाजगी कंपन्यांना खुले झाले आणि १९९४ साली राष्ट्रीयीकरणाचा कायदाही रद्द झाला. कमाईच्या मार्गांवर खाजगी भांडवल उतरले. त्यांनी काही प्रमाणात दुर्गम भागातही उड्डाणे करावीत, असा नियम केला गेला खरा. परंतु नफा आणि तोटा यांची वही एक राहिली नाही.

सार्वजनिक कंपनीच्या कारभारातील दोष झाकण्याचे कारण नाही. मंत्र्यांची ढवळाढवळ, उधळपट्टी, विमानखरेदीचे अवाढव्य निर्णय आणि २००७ साली एअर इंडिया व इंडियन एअरलाइन्स यांचे पुरती तयारी न करता केलेले विलीनीकरण, यांनी ती कर्जात बुडाली. परंतु हे निर्णय सामान चढविणाऱ्या कामगारांनी घेतले नव्हते. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटा समूहाच्या हाती गेली, तेव्हा १८,००० कोटींच्या किमतीपैकी रोख मिळाले २,७०० कोटी. १५,३०० कोटींचे कर्ज खरेदीदाराने स्वीकारले. आणि उरलेले ४६,००० कोटींहून अधिक देणे? ते सरकारी मालकीच्या एका वेगळ्या कंपनीच्या नावे टाकण्यात आले. म्हणजेच तुमच्या-आमच्या खात्यावर. विमाने, मार्ग आणि उड्डाणांच्या वेळा खाजगी मालकाकडे, कर्ज जनतेकडे. नफ्याचे खाजगीकरण आणि तोट्याचे राष्ट्रीयीकरण याहून वेगळे काय असते?

शिवाय खाजगी व्यवस्थापन म्हणजे कार्यक्षमता, हेही सिद्ध व्हायचे आहे. किंगफिशर २०१२ मध्ये, जेट एअरवेज २०१९ मध्ये आणि गो फर्स्ट २०२३ मध्ये जमिनीवर आली. जेटच्या कर्मचाऱ्यांना अनेक महिन्यांच्या पगारासाठी वणवण करावी लागली, बँकांची कर्जे थकली. आज देशांतर्गत वाहतुकीचा साठ टक्क्यांहून अधिक भाग एकट्या इंडिगोच्या हाती आहे. डिसेंबर २०२५ मध्ये या मक्तेदारीची किंमत देशाने मोजली. वैमानिकांना पुरेशी विश्रांती मिळावी म्हणून केलेल्या नियमांची पूर्वसूचना असूनही कंपनीने तेवढी माणसे नेमली नव्हती. हजारो उड्डाणे रद्द झाली, प्रवासी विमानतळांवर अडकून पडले आणि अखेर सरकारने कंपनीलाच त्या नियमांतून काही काळ सूट दिली! मजुरांच्या संख्येत काटकसर मालकाने केली आणि सवलतही मालकालाच मिळाली. ज्या बाजारात मुंबई-दिल्लीच्या प्रवाशाला कोणी वाली नाही, त्या बाजाराच्या भरवशावर चंद्रपूर-गडचिरोलीच्या प्रवाशाने किती विसंबावे?

आता या जिल्ह्यांकडे पाहू. गडचिरोली जिल्हा १९८२ साली झाला. आजवर त्याच्या हद्दीतील रेल्वेसाठी बोट दाखवायचे ते वडसा स्थानकाकडेच. वडसा-गडचिरोली या सुमारे पन्नास किलोमीटरच्या मार्गासाठी लोकांनी किती वर्षे वाट पाहिली, हे सांगण्याची गरज नाही. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, हे दर पावसाळ्याचे वृत्त आहे. एटापल्ली तालुक्यातील गर्देवाडा परिसरात एस. टी.ची पहिली बस धावली ती १ जानेवारी २०२५ रोजी, म्हणजे स्वातंत्र्यानंतर सत्त्याहत्तर वर्षांनी. त्याच जिल्ह्यात सुरजागडचे लोहखनिज वाहणाऱ्या अवजड ट्रकांना मात्र रस्त्याची वाट पाहावी लागली नाही. विमानतळाची निकड बसची वाट पाहणाऱ्या माडिया कुटुंबाला भासत होती, की खाणी आणि पोलाद कारखान्यांच्या अधिकाऱ्यांना, याचे उत्तर ज्याचे त्याने द्यावे.

तरीही, आकाशावर गरिबांचा हक्क नाही, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. विमान ही श्रीमंतांची चैन आहे, असे म्हणून हात झटकणे सोपे आहे. पण ते समाजवादी धोरण नव्हे. निवडणूक आली की याच अरण्यात मतदान पथके हेलिकॉप्टरने पोचविली जातात. चकमकीत जखमी झालेल्या जवानाला हेलिकॉप्टरने नागपूरला नेले जाते आणि ते योग्यच आहे. पुराच्या वेळी क्वचित एखाद्या रुग्णालाही अशी मदत मिळाली आहे. याचा अर्थ, दुर्गम भागात उडण्याचे तंत्र, माणसे आणि पैसा राज्याजवळ आहे. मग अडलेल्या बाळंतिणीसाठी आणि सर्पदंश झालेल्या मुलासाठी ही सेवा मेहेरबानी म्हणून का असावी? ती हक्क म्हणून, ठरलेल्या नियमाने आणि कायम का असू नये? एका मोठ्या विमानतळासाठी लागणाऱ्या भांडवलाच्या अल्पांशात तालुक्यातालुक्यांत चांगली हेलिपॅड आणि सुसज्ज ग्रामीण रुग्णालये उभी राहू शकतात.

आपल्या चळवळीला या बाबतीत परंपरा आहे. मधू दंडवते १९७७ साली रेल्वेमंत्री झाले, तेव्हा त्यांनी वरच्या वर्गाची शान वाढविण्यात वेळ दवडला नाही. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर गादी आणली. वाहतुकीचे मोजमाप शेवटच्या डब्यातल्या प्रवाशावरून करायचे असते, हा त्यातला धडा आहे. विमान वाहतुकीलाही तोच लावला पाहिजे.

म्हणून या दोन जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांनी विमानतळाच्या बाजूने वा विरुद्ध केवळ घोषणा देऊन थांबू नये. आपल्या मागण्या नेमक्या असाव्यात. वनहक्क कायदा आणि पेसा यांखाली ग्रामसभेची मुक्त संमती मिळाल्याशिवाय एक एकरही जमीन घेतली जाऊ नये. लेखा-मेंढ्याने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवून ग्रामसभेचे बळ काय असते, ते याच जिल्ह्यात दाखवून दिले आहे. प्रवासीसंख्येचा अंदाज, वार्षिक तूट आणि ती भरणारा कोण, हा हिशेब मराठीत आणि गोंडी-माडियात गावापुढे ठेवला जावा. खाणबाधितांसाठी असलेला जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी धावपट्टीवर खर्च होऊ नये. कंपन्यांना विमान हवे असेल, तर त्याचा खर्च त्यांनी उचलावा. आणि अनुदान द्यायचेच असेल, तर ते सार्वजनिक सेवेला द्यावे. अलायन्स एअर ही एअर इंडियाबरोबर विकली न गेलेली सरकारी कंपनी आहे. एप्रिल २०२५ मध्ये अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईसाठी पहिली प्रवासी सेवा तिनेच सुरू केली. तिला पुरेशी विमाने आणि स्वायत्त, जबाबदार व्यवस्थापन द्यावे; भरगच्च मार्गांचा वाटाही द्यावा, म्हणजे नफा आणि तोटा पुन्हा एका वहीत येतील.

येत्या ग्रामसभांत हा विषय कार्यपत्रिकेवर घ्यावा. विमानतळाच्या कोनशिलेवर कोणाचे नाव कोरले जाईल, याची चिंता पुढाऱ्यांनी करावी. तुटीच्या वहीवर कोणाचे नाव चढणार आहे, ते कोनशिला बसण्याआधी गावागावांत जाऊन सांगणे हे आपले काम आहे.