वजनाचा कांटा आणि हृदयाचा थकवा

बऱ्याच दिवसांनीं भेटलेल्या माणसाच्या अंगावर एकवार नजर फिरवून "वा! तब्येत चांगली सुधारलेली दिसते" असें म्हणण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. अंगानें भरणें म्हणजे आरोग्य, हें समीकरण आपल्या मनांत पिढ्यान्‌पिढ्या बसलेलें आहे. परंतु ज्या घरांत हृदयविकाराचा रोगी आहे, त्या घरीं हीच प्रशंसा कित्येकदां धोक्याची सूचना असते, आणि ती ऐकून सर्व मंडळी समाधान मानीत बसतात. दुसरीकडे, त्याच रोग्यास थकवा आला तर "हल्लीं फार आळस भरला आहे" असा शेरा बसतो. म्हणजे ज्याची काळजी करावयाची त्याचें कौतुक, आणि ज्याची चौकशी करावयाची त्याची निंदा! या महिन्यांत आमच्या वाचकांशीं याच दोन गोष्टींविषयीं बोलण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम वजनाकडे वळूं. हृदय दुर्बल झालें म्हणजे मूत्रपिंडांस रक्ताचा पुरवठा कमी पडतो. शरीरांत पाणीच उणें आहे अशा समजुतीनें मूत्रपिंडें मीठ व पाणी राखून ठेवूं लागतात. एक लिटर पाण्याचें वजन एक किलो. तेव्हां हें सांठलेलें पाणी पायांवर सूज दिसण्यापूर्वींच कांट्यावर दिसूं लागतें. उलट एक किलो मेद चढण्यास गरजेपेक्षां ७,००० हून अधिक उष्मांक पोटांत जावे लागतात. म्हणून महिन्यामहिन्यानें चढणारें वजन तें बहुधा मेदाचें, आणि दोन-तीन दिवसांत चढलेलें वजन तें पाण्याचें, एवढा भेद घरांतील प्रत्येकानें ध्यानांत ठेवावा.

हा भेद ओळखण्यास एक साधा कांटा व एक वही पुरेशी आहे. सकाळीं उठल्यावर, लघवी करून आल्यानंतर व चहा घेण्यापूर्वीं, हलक्या कपड्यांनिशीं, त्याच कांट्यावर वजन करावें व तारखेसह लिहून ठेवावें. एका दिवसांत एक किलोहून अधिक किंवा तीन दिवसांत दोन किलोहून अधिक वजन वाढलें, तर त्याच दिवशीं डॉक्टरांस कळवावें. डॉक्टरांनीं निराळा आंकडा सांगितला असेल तर तोच प्रमाण मानावा. मात्र केवळ कांट्यावर विसंबूं नये. रोगी आंतून रोडावत असतां पाणी वाढत गेलें, तर वजन जागच्या जागींच दिसतें. म्हणून चपलेचा पट्टा रुतूं लागला काय, नऱ्हाटीवर बोट दाबलें असतां खळगा राहतो काय, दोन घांसांतच पोट भरल्यासारखें होतें काय, हेंही पाहावें. एका उशीवर निजणाऱ्या मामंजींनीं "सूनबाई, आणखी एक उशी द्या, आडवें पडलें कीं जीव घाबरा होतो" असें म्हटलें, तर ती मागणी उशीची नसून वैद्याची आहे असें समजावें. बसल्याजागीं धाप लागणें, छातींत दुखणें किंवा शुद्ध हरपणें, यांपैकीं कांहींही झालें तर वहीची वाट न पाहतां तत्काळ रुग्णालय गांठावें. महाराष्ट्रांत १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मागवितां येते.

आतां हें पाणी वाढतें कसें तें पाहा. घरांत लग्न आहे. वारंवार उठावें लागूं नये म्हणून आजोबा लघवीची गोळी त्या दिवशीं घेत नाहींत. पंगतींत आग्रहानें लोणचें, पापड, मठ्ठा वाढला जातो. उभें राहून गुडघे दुखूं लागले म्हणून कोणी तरी आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक यांसारखी वेदनाशामक गोळी हातावर ठेवतो. या गोळ्या शरीरांत मीठ व पाणी धरून ठेवतात, हें देणाऱ्यास ठाऊक नसतें. तिसऱ्या दिवशीं आजोबांना धाप लागते आणि "दगदग झाली" असें म्हणून सर्वजण स्वस्थ राहतात. दगदग होतीच, पण खरें कारण ती चुकविलेली गोळी, तें मीठ व ती वेदनाशामक गोळी, हें आहे. प्रवासाच्या वा समारंभाच्या दिवशीं गोळीची वेळ पुढेंमागें करावयाची असेल, तर तें डॉक्टरांस आधीं विचारून ठरवावें.

जागतिक आरोग्य संघटनेनें निरोगी प्रौढ माणसासही दिवसाला ५ ग्रॅमहून कमी, म्हणजे चहाच्या एका चमच्याहून कमी मीठ सांगितलें आहे. उपवासाचें सैंधव निराळें, अशी पुष्कळांची समजूत असते. परंतु सैंधव हेंही मुख्यतः तेंच मीठ होय. पापडखार व खाण्याचा सोडा यांतही सोडियम असतेंच. बाजारांत मिळणाऱ्या कमी सोडियमच्या मिठांत बहुधा पोटॅशियम घातलेलें असतें. हृदयाच्या कांहीं औषधांबरोबर किंवा मूत्रपिंडें अशक्त असतां तें घातक ठरूं शकतें. तें विचारल्यावांचून घेऊं नये.

मेदानें हळूहळू चढणाऱ्या वजनाचा उपाय निराळा आहे. आपल्या लोकांत पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर व स्त्रीची ८० सेंटिमीटर यांहून अधिक असणें धोक्याचें मानतात. पण म्हणून एकदम अन्न तोडूं नये. भात-पोळीचा वाटा थोडा कमी, वरण-उसळ व भाजीचा वाटा अधिक, आणि तूप, साखर व तळण यांना आवर, असा पालट सोसतो व टिकतो. रोग्यासाठीं वेगळा स्वयंपाक केला तर त्यास आपण परके झालों असें वाटतें. सर्व घराचेंच मीठ थोडें उतरविलें, तर रोग्याचा मान राहतो आणि इतरांचेंही हित होतें.

आतां थकव्याविषयीं. हृदयाच्या रोग्याचा थकवा हा स्वभावदोष नव्हे. स्नायूंस पुरेसें रक्त मिळत नाहीं हें त्याचें एक कारण. पण एवढेंच कारण मानून बसूं नये. लोहाची उणीव, थायरॉइड ग्रंथीचें मांद्य, झोपेंत घोरतां घोरतां श्वास अडणें आणि मनाची खिन्नता, हीं कारणें या रोग्यांत वारंवार आढळतात व त्यांवर उपाय आहेत. मेटोप्रोलॉल, कार्व्हेडिलॉल यांसारख्या हृदयाची गति आवरणाऱ्या गोळ्यांनींही प्रथम कांहीं आठवडे थकवा येतो व वजन किंचित् वाढूं शकतें. परंतु त्या आपल्या मनानें एकाएकीं बंद करणें फार धोक्याचें आहे. तक्रार डॉक्टरांपाशीं करावी. मात्रा ठरविणें त्यांचें काम.

थकलेल्या माणसानें अंथरुणावरच पडून राहावें, असें एके काळीं वैद्यही सांगत. आतां तें मत पालटलें आहे. अमेरिका, कॅनडा व फ्रान्स येथील २,३३१ रोग्यांवर झालेल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष २००९ सालीं प्रसिद्ध झाले. ज्यांची प्रकृति स्थिर आहे अशा रोग्यांस नियमित व्यायाम सोसतो व त्यांस अधिक बरें वाटतें, असें त्यांत दिसून आलें. डॉक्टरांची संमति घेऊन दहा मिनिटांच्या चालण्यानें प्रारंभ करावा. चालतांना बोलतां आलें पाहिजे. शब्द तुटूं लागले कीं गति कमी करावी. ज्या दिवशीं वजन एकाएकीं वाढलेलें असेल, त्या दिवशीं व्यायाम नको.

राहिलेली शक्ति पगारासारखी वापरावी. पहिल्याच तारखेस सर्व उधळूं नये आणि खर्चाच्या भयानें उपाशीही राहूं नये. स्नानानंतर थोडी विश्रांति, भाजी निवडणें बसून, माळ्यावरचे डबे दुसऱ्याच्या हातून, अशी वांटणी केली तर सायंकाळीं नातवंडांशीं बोलण्यापुरता उत्साह उरतो.

सर्वांत कठीण प्रश्न घरांतील स्त्रियांचा आहे. पुरुषास धाप लागली तर सर्व घर धांवतें. सून किंवा काकू दुपारीं आडवी झाली तर भुंवया वर होतात. त्या भुंवयांच्या भयानें ती जिना चढतांना थांबते तें पदर सांवरण्याच्या मिषानें, आणि सुजलेलीं पावलें लुगड्याच्या काठाखालीं झांकते. असें झांकलेलें दुखणें डॉक्टरांपर्यंत पोंचतें तें फार उशिरां. आमच्या वाचकांस आमची एवढीच विनंति आहे कीं, वजनाची ती वही देवघराशेजारीं टांगावी, सकाळच्या पूजेइतक्याच नेमानें ती भरावी, आणि "दमलें" या शब्दास उत्तर म्हणून "कशानें?" हा प्रश्न प्रेमानें विचारावा. ज्या घरांत हा शब्द निर्भयपणें उच्चारतां येतो, त्या घरांत रोग वेळींच सांपडतो.