जुनी जीप दुरुस्त करता येते, मग 'सुधारता' का येत नाही?

डिसेंबर २०२१ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचा एक व्हिडिओ देशभर पाहिला गेला. दत्तात्रय लोहार या कारागिराने भंगारातले सुटे भाग जोडून छोटी चारचाकी जीप तयार केली होती. खर्च सुमारे ६० हजार रुपये. किक मारली की गाडी सुरू व्हायची. उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी कौतुक केले, पण एक कटू सत्यही सांगितले: ही गाडी कोणत्याही नियमात बसत नाही, त्यामुळे आज ना उद्या प्रशासन ती थांबवेल. त्यांनी गाडीच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२ मध्ये ती लोहार कुटुंबाला मिळाली.

गोष्टीचा शेवट गोड झाला. पण गावोगावच्या गॅरेजमध्ये आणि घरांच्या अंगणात ज्या जुन्या जीप उघडून ठेवलेल्या असतात, त्यांच्या मालकांना असा बदला कोणी देत नाही. त्यांच्यासमोरचा प्रश्न वेगळा आहे. त्यांची गाडी भंगारातून जन्मलेली नाही, कंपनीने बनवलेली आणि रीतसर नोंदलेली आहे. ती पुन्हा चालती करताना थोडी जास्त चांगली केली, तर तो गुन्हा ठरतो का?

ही जीप अजून टिकून का आहे?

बुलढाणा जिल्ह्यातले बीबी हे लोणार तालुक्यातले गाव, मेहकरहून सिंदखेड राजा आणि पुढे जालन्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे. हा सगळा पट्टा काळ्या मातीचा. उन्हाळ्यात ही माती भेगाळते आणि जुलै-ऑगस्टमध्ये पांदण रस्त्यावर चाकाला अशी चिकटते की साधी कार जागेवरच फिरत राहते. सोयाबीनची फवारणी असो की शेतातल्या माणसाला डबा पोहोचवणे असो, चारही चाकांना ताकद देणारी गाडी इथे हौसेपेक्षा गरजेची वस्तू ठरते.

दुसरे कारण इतिहासातले. दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन विलीज जीप स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात आली आणि महिंद्राने मुंबईत तिची जुळणी सुरू केली. पुढे सीजे-३बी, सीजे-५००डी, एमएम-५४०, एमएम-५५०, कमांडर, मेजर अशी तिची पिढ्यान् पिढ्या वाढलेली भावंडे पोलीस, वनखाते, पाटबंधारे आणि महसूल खात्यात धावली. खाते गाडी लिलावात काढायचे आणि ती गावात यायची. विदर्भ-मराठवाड्यातली काळी-पिवळीही याच घराण्यातली. एसटी जिथे दिवसातून दोनदाच यायची, तिथे कमांडरने माणसे वाहिली.

या गाड्यांची रचनाही घरगुती दुरुस्तीला सोयीची. सांगाडा म्हणजे चेसिस वेगळी, वरचे पत्रे वेगळे. पुढे-मागे पाट्यांचे सस्पेन्शन. इलेक्ट्रॉनिक्स जवळजवळ नाहीच. पाने, जॅक, वेल्डिंग आणि एक जाणता मिस्त्री एवढ्या भांडवलावर आख्खी गाडी खोलून पुन्हा बांधता येते.

सरकारी जुनी जीप आता गावात का येत नाही?

लिलावाचा हा ओघ आता आटला आहे. केंद्र सरकारच्या अधिसूचनेनुसार १ एप्रिल २०२३ पासून केंद्र, राज्य, महामंडळे आणि सार्वजनिक उपक्रमांच्या १५ वर्षांवरील वाहनांची नोंदणी पुढे वाढवता येत नाही. ती अधिकृत भंगार केंद्रातच जावी लागतात. संरक्षण आणि कायदा-सुव्यवस्थेसाठी वापरली जाणारी विशेष वाहने तेवढी या नियमाबाहेर आहेत.

खासगी गाडीला महाराष्ट्रात अशी वयाची सरसकट अट नाही. दिल्ली परिसरातल्या जुन्या डिझेल-पेट्रोल गाड्यांचे निर्बंध इथे लागू नाहीत. मात्र नोंदणीची १५ वर्षे संपली की गाडीची तपासणी करून दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते आणि त्याचा खर्च वाढत गेला आहे. एप्रिल २०२२ मध्ये चारचाकीचे नूतनीकरण शुल्क ६०० रुपयांवरून ५ हजारांवर गेले. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने २० वर्षांवरील हलक्या चारचाकीसाठी ते १० हजार झाले. राज्याचा पर्यावरण कर, विमा आणि पीयूसी हे त्याशिवाय.

म्हणजे जुनी जीप ठेवायला बंदी नाही, पण ती ठेवणे दरवर्षी महाग होत आहे. साहजिकच एवढा पैसा घालायचाच तर गाडी नीट, सुरक्षित आणि दमदार करून घ्यावी, असा विचार मालक करतो. अडचण तिथूनच सुरू होते.

दुरुस्ती कुठे संपते, बदल कुठे सुरू होतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ मधले कलम ५२ या प्रश्नाचे मूळ आहे. नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने मुळात ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल, असा बदल मालकाला करता येत नाही. 'बदल' म्हणजे काय, हेही कलमात सांगितले आहे: वाहनाच्या रचनेतला असा फेरफार, ज्यामुळे त्याचे मूळ वैशिष्ट्यच बदलते.

९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात या कलमाचा कडक अर्थ लावला. न्या. अरुण मिश्रा आणि न्या. विनीत सरन यांच्या खंडपीठाने स्पष्ट केले की उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येणार नाही. त्यामागचे तर्कशास्त्र समजण्यासारखे आहे. कंपनी एखादे मॉडेल विकण्याआधी त्याचा नमुना चाचणी संस्थेकडून तपासून घेते. ब्रेक, वजन, धूर, दिवे हे सगळे त्या नमुन्यावर मोजले जाते. अंगणात बदललेल्या गाडीची अशी चाचणी झालेली नसते.

त्याच वर्षी कायद्यात झालेल्या दुरुस्तीने शिक्षाही ठरवली. कलम १८२-अ नुसार परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलासाठी ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. 'प्रत्येक बदलासाठी' हे शब्द महत्त्वाचे. एका जीपवर चार बेकायदा गोष्टी असतील तर दंड चार वेळा मोजता येतो.

प्रत्यक्षात याची विभागणी साधारण अशी होते.

बिनधास्त करता येणारी कामे: गंजलेला पत्रा बदलणे, मूळ रंग पुन्हा मारणे, पाटे, बुश, बेअरिंग, क्लच प्लेट, वायरिंग नवे घालणे, इंजिनाचे काम काढणे, गिअर आणि चारचाकी ताकदीचा ट्रान्स्फर केस दुरुस्त करणे. ही सगळी दुरुस्ती आहे. गाडी जशी होती तशी होते.

नोंद किंवा परवानगी लागणारी कामे: रंग बदलणे, कारण तो नोंदणी प्रमाणपत्रात असतो. इंजिन बदलणे, कारण इंजिन क्रमांकच बदलतो. मान्यताप्राप्त किट बसवून सीएनजी किंवा विजेवर गाडी आणणे. अपंग व्यक्तीला चालवता यावी म्हणून केलेला बदलही कायद्याने मान्य केला आहे. काळी-पिवळी खासगी नावावर घ्यायची तर आधी परवाना आणि वाहनाचा प्रकार यांचा कागदोपत्री निपटारा करावा लागतो.

अडचणीत आणणारी कामे: चेसिस कापून लांब-आखूड करणे, दुसऱ्याच कंपनीचे मोठे इंजिन परवानगीशिवाय बसवणे, बंद बॉडीची उघडी जीप करणे, अंगाबाहेर येणारी भलीमोठी चाके लावणे. समोर लोखंडी गार्ड बसवणेही यातच येते. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना अशा गार्डवर कारवाई करायला सांगितले होते, कारण धडकेत पायी चालणाऱ्याला त्याने जास्त इजा होते.

एक गंमतीशीर वाटणारा नियम अनेकांना माहीत नसतो. केंद्रीय मोटार वाहन नियम १२१ प्रमाणे संरक्षण खात्याची वाहने सोडून कोणत्याही गाडीला ऑलिव्ह ग्रीन, म्हणजे लष्करी हिरवा रंग देता येत नाही. जुन्या जीपला हौसेने सर्वात आधी दिला जाणारा रंग बहुधा हाच असतो.

खरा पेच: सुरक्षित करणे हाही 'बदल' का?

जुन्या जीपचा सर्वात कच्चा दुवा ताकद नाही, ब्रेक आहे. एमएम-५४० सारख्या गाड्या बनल्या तेव्हा गावरस्त्यावर ४०-५०च्या वेगाने धावणे हेच त्यांचे काम होते. आता त्याच जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग जातो आणि त्यावर कारसाठी वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे. जुन्या जीपने त्या रस्त्यावर जाऊ नये हे खरेच, पण राज्य मार्गावरही तिच्या मागेपुढे धावणाऱ्या गाड्या तिच्यापेक्षा कितीतरी लवकर थांबतात.

म्हणून जाणता मिस्त्री आधी पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक, पॉवर स्टिअरिंग, तीन ठिकाणी बांधणारे सीट बेल्ट आणि उलटल्यास डोके वाचवणारी पाइपची चौकट सुचवतो. यातली एकही गोष्ट दिखाऊ नाही. पण कायदा हेतू विचारत नाही, मूळ तपशील विचारतो. सीट बेल्टला कोणी हरकत घेणार नाही. नव्या मॉडेलचा पुढचा अख्खा अॅक्सल बसवून केलेले डिस्क ब्रेक मात्र नियमांच्या धूसर पट्ट्यात येतात. ते नीट बसवले आहेत असे प्रमाणपत्र देणारी आणि मग नोंदणीत लिहून घेणारी सर्वसामान्य मालकाला परवडेल अशी व्यवस्थाच नाही.

परिणाम उलटा होतो. परवानगी मिळवण्याची वाट नाही म्हणून लोक बदल करणे थांबवत नाहीत, ते न सांगता करतात. मग वेल्डिंग चांगले आहे की वाईट, हे कोणीच तपासत नाही.

इतर देशांनी यावर तोडगा काढला आहे. जर्मनीत मान्यताप्राप्त तपासनीस एकेका गाडीतला बदल पाहतो आणि तो योग्य असेल तर कागदपत्रांत नोंदवला जातो. ऑस्ट्रेलियात मोठ्या बदलांसाठी अभियंत्याचे प्रमाणपत्र लागते. दोन्ही ठिकाणी नियम सैल नाहीत, उलट काटेकोर आहेत. फरक इतकाच की 'नाही'च्या पुढे 'कसे' याचेही उत्तर तिथे आहे.

विंटेजची वाट किती उपयोगाची?

जुलै २०२१ मध्ये केंद्राने विंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम आणले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेली बिगरव्यावसायिक दुचाकी-चारचाकी यात येते. नोंदणी शुल्क २० हजार रुपये, मुदत १० वर्षे, नूतनीकरण ५ हजार आणि क्रमांकात 'व्हीए' ही वेगळी अक्षरे.

पण दोन अटी कळीच्या आहेत. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. आणि गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, देखभाल अशा कामांसाठीच ती रस्त्यावर येऊ शकते. मुंबई-पुण्याच्या संग्राहकाला हे सोयीचे आहे. ज्याला ती जीप बांधावर न्यायची आहे, त्याला नाही. शिवाय १९८०-९०च्या दशकातल्या बहुतेक एमएम आणि कमांडर अजून पन्नाशीच्या जवळपासही नाहीत.

विम्याचा धोका कोणाच्या माथी?

दंडापेक्षा मोठी जोखीम विम्याची आहे. गाडीत महत्त्वाचा बदल केला आणि कंपनीला कळवला नाही, तर स्वतःच्या नुकसानीचा दावा नाकारला जाऊ शकतो. अपघातात दुसऱ्याचा जीव गेला तर थर्ड पार्टी भरपाईला कमाल मर्यादा नसते. अशा खटल्यांत न्यायाधिकरण कधी कधी विमा कंपनीला आधी पैसे द्यायला सांगते आणि नंतर ते मालकाकडून वसूल करण्याची मुभा देते. शेतकरी कुटुंबात 'मालकाकडून वसुली' याचा अर्थ बहुतेक वेळा जमीन असाच होतो.

'आम्ही फक्त शेतातच चालवतो' हा बचावही कमजोर आहे. ज्या वाटेवर लोकांना येण्या-जाण्याचा हक्क आहे ती कायद्याने सार्वजनिक जागा ठरते. वहिवाटीचा पांदण रस्ताही त्यात येतो.

काम काढण्याआधी काय पाहावे?

आधी कागद, मग पाना, हा क्रम महत्त्वाचा. चेसिसवरचा कोरलेला क्रमांक आणि इंजिन क्रमांक नोंदणी प्रमाणपत्राशी जुळतो का, हे गाडी विकत घेण्याआधीच पाहावे. चेसिस क्रमांक गंजून पुसट झाला असेल तर पुढे तपासणीत अडचण येते. बुलढाण्याच्या परिवहन कार्यालयात, म्हणजे एमएच-२८ मध्ये, नोंदणी, कर आणि गाडीवरचा कर्जबोजा यांची स्थिती आधी तपासता येते. परराज्यातली जीप स्वस्त मिळते, पण ना-हरकत प्रमाणपत्राशिवाय ती घेऊ नये. १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ इथे ठेवायची तर नव्या राज्यात नोंदणी करावीच लागते. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना महाराष्ट्रात उच्च सुरक्षा क्रमांकपाटीही सक्तीची आहे.

नंतर पैसा कुठे घालायचा याचा क्रम: चेसिसला तडा आहे का, ब्रेक, स्टिअरिंगमधला ढिलेपणा, टायर, वायरिंग, मग इंजिन आणि सगळ्यात शेवटी रंग. मूळ ड्रम ब्रेकही नवे लायनर, नवे सिलिंडर आणि नीट जुळवणी केली तर पुष्कळ सुधारतात, आणि त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

देवराष्ट्रेच्या गाडीला बोलेरो मिळाली, कारण देशाने ती पाहिली. बाकीच्या अंगणांतल्या कारागिरीला बक्षीस नको आहे. तिला आपले काम घेऊन जाता येईल आणि 'हे ठीक आहे' किंवा 'हे काढून टाका' असे लेखी सांगितले जाईल, अशी एक खिडकी हवी आहे. ती उघडेपर्यंत नियम एका वाक्यात मावतो: गाडी जुनी होती तशी नवी करा, वेगळी करू नका.